साडूंची नाशी

कुठल्याही चांगल्या फळाचं वाटोळं करण्यात माझ्या साडूंचा हात धरणारा माणूस मी तरी या भूतलावर पाहिलेला नाही. जपानी भाषेत नाशपातीला 'नाशी' म्हणतात. साडू या देशात येण्याआधीपासून तोच शब्द आहे असं जाणकार सांगतात म्हणून मी गप्प बसतो, एरवी तो त्यांच्या कर्तृत्वावरूनच पडला असावा अशी माझी खात्री झाली असती. हा गृहस्थ फळांची दारू करतो आणि स्वतः थेंबभरही पीत नाही. कॉलेजला निघताना आईने गळ्याची शपथ घातली होती, ती यांनी टोकियोतल्या ट्रेडिंग कंपनीत वीस वर्षं पार्ट्यांना उलाँग चहा पिऊन पाळली. मग कंपनीने एकदा कामासाठी इंग्लंडला पाठवलं. तिथे कोणीतरी त्यांना जुन्या नाशपातींची बाग दाखवली. फळ असं तुरट की डुक्करही तोंड लावत नाही, पण त्याचा रस आंबवला की 'पेरी' नावाचं पेय होतं, जसं सफरचंदाचं सायडर होतं. साडूंनी ग्लास नाकाशी धरला, हुंगला आणि परत दिला. नुसत्या वासाने बिघडलेला हा मला माहीत असलेला एकमेव माणूस.

मी भूकंपानंतरच्या वर्षी बँकेच्या बदलीवर टोकियोला आलो. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यांची थोरली, माझी धाकटी. सासरी साडूंचं नाव निघालं की सगळ्यांचा आवाज आदराने खाली येतो, आणि माझं निघालं की लोक कप उचलून आत न्यायला लागतात. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जे बोलेन त्यात खरं किती आणि पोटदुखी किती हे वाचकांनी ठरवावं. आम्ही ओजिमात घर घेतलं, ते दोन स्टेशनं पलीकडे फुनाबोरीत राहत. पहिल्याच रविवारी त्यांच्याकडे गेलो, हात धुवायला न्हाणीघरात शिरलो, तर टब काठोकाठ नाश्यांनी भरलेला. त्या दिवसांत भूकंपाच्या धास्तीने लोक टबात पाणी भरून ठेवत. "पाणी काय, कुठेही मिळतं," साडू म्हणाले, "चोजुरो मिळत नाही."

चोजुरो हा त्यांच्या ऑफिसातला कोणी सहकारी नसून नाशीची एक जुनी जात आहे, हे मला दुसऱ्या चहाला कळलं. तपकिरी, जाड सालीची. एके काळी घरोघरी खात. पुढे रसाळ नव्या जाती आल्या आणि हिला कोणी विचारेना. फुनाबोरीहून तीच ट्रेन पकडून शेवटच्या स्टेशनावर उतरलं की सायकलच्या टप्प्यात नाशीच्या बागा आहेत. भूकंपात अणुभट्टी फुटलेली, त्यामुळे त्या वर्षी किरणोत्सर्गाच्या तपासणीचे कागद टांगूनही गिऱ्हाईक तिकडच्या फळाला हात लावत नव्हतं. साडू दोन फळं घ्यायला गेले, ऐंशीच्या घरातल्या बागवाल्या आजोबांशी बोलत बसले आणि सायकल तिथेच टाकून सहा खोकी टॅक्सीत घालून घरी आले.

जपानात परवान्याशिवाय घरी दारू करणं गुन्हा आहे. दुसरा कोणी एवढ्यावर थांबला असता. साडूंनी बिअरची छोटीशी परवान्याची भट्टी चालवणाऱ्या एका बाईंना गाठलं आणि तिथल्या कोपऱ्यातलं एक पिंप मिळवलं. रस मात्र घरी काढायचा आणि ट्रेनने भट्टीवर न्यायचा. तो वाटेतच आपोआप फसफसायला लागला तर आपण कायद्याने गुन्हेगार ठरू, या भीतीने हे गृहस्थ कॅन बर्फाच्या पिशव्यांत गुंडाळून मांडीवर घेऊन बसत आणि दर स्टेशनाला तापमान बघत. एकदा मी बरोबर होतो. समोरच्या बाई आमच्याकडे बघून हात जोडून बसल्या होत्या. आत कोणाचं तरी मूत्रपिंड आहे असा त्यांचा समज झाला असावा.

सायडरचं तर विचारूच नका. जपानीत 'सायडर' म्हणजे पोरांनी प्यायचा गोड सोडा. साडू जुन्या आंबट सफरचंदांचं सायडर करतात ही बातमी इमारतीत पसरली, तेव्हा मुलांच्या खेळाच्या दिवसाला तीन खोकी द्याल का, असं विचारायला समितीच्या दोन बायका दारात आल्या. साडूंनी त्यांना आत बसवून सफरचंद, यीस्ट आणि तुरटपणा या विषयावर पाऊण तास जपानीत व्याख्यान दिलं. त्यांनी मान डोलवत सगळं ऐकलं आणि निघताना पुन्हा विचारलं, तीन खोकी जमतील ना. शेवटी ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीने, कोपऱ्यावरच्या कोंबिनी दुकानातून सोडा आणून दिला. त्या माउलीने काय काय सोसलं त्याला गणती नाही. रस काढून उरलेल्या चोथ्याची पिशवी जळाऊ कचऱ्याच्या दिवशी उचलायला दोन माणसं लागली, इमारतीत निनावी चिठ्ठी लागली, आणि तेव्हापासून त्या घरात चोथ्याची थालीपिठं सुरू झाली. दोन महिने तिथे जेवायला बोलावलं की मी बँकेत ऑडिट आहे असं सांगत असे.

पण साडूंचा हा सगळा खटाटोप नुसत्या हौसेचा नव्हता, हे कबूल करायला हवं. आजोबांच्या बागेत कडेला चोजुरोची अकरा झाडं होती, त्यांच्या वडिलांनी लावलेली. फांद्या डोक्याइतक्या उंचीवर तारांच्या मांडवावर पसरलेल्या, त्यामुळे साडू तिथे कायम वाकून हिंडत. फळ विकलं जात नव्हतं आणि ऑफिसात नोकरी करणारा मुलगा म्हणत होता, तोडा आणि गाड्या लावायला जागा करा. साडूंनी आजोबांना शब्द दिला की पेरी जमली तर भट्टीवाल्या बाई दरवर्षी अकराच्या अकरा झाडांचं फळ घेतील. आजोबा म्हणाले, मी थांबतो.

जमली हे ठरवणार कोण, हाच घोळ होता. साडू पीत नाहीत. भट्टीवाल्या बाईंनी पहिला घोट घेऊन "ओइशी", म्हणजे चविष्ट, म्हटलं, आजोबांनीही "ओइशी" म्हटलं. साडूंना ते पटेना. "हे लोक कोमट पाण्यालाही ओइशी म्हणतात," ते मला म्हणाले. "आपले लोक तर काय, ऐन संक्रांतीला चव घेणार, गोडच बोलणार. साडूभाऊ, तुम्हाला आजवर कोणाबद्दल बरं बोलताना मी ऐकलेलं नाही. माझा भरवसा फक्त तुमच्यावर." मला हे कौतुक वाटलं, इतका मी मूर्ख.

रस भरायचा सप्टेंबरात आणि पेय तयार व्हायचं जानेवारीत, म्हणून दर संक्रांतीला फुनाबोरीच्या घरी हळदीकुंकवाच्या गर्दीत हा सोहळा व्हायचा. पहिल्या वर्षी मी म्हणालो, पाणचट. ते खरंच पाणचट होतं. दुसऱ्या वर्षी तुरटपणा आणण्यासाठी त्यांनी चहाची पत्ती घातली होती, मी म्हणालो, खोकल्यावर चालेल. तिसऱ्या वर्षी टेंभुर्णीच्या जातकुळीतल्या कच्च्या काकीफळांचा रस होता आणि माझे ओठ खरोखरच उघडेनात, तेव्हा मी नुसत्या खुणेने निकाल दिला. लोक हसून हसून लोळले. माझे शेरे बायको माहेरच्या ग्रुपवर टाकायची, सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा मला फोन करून दाद द्यायच्या. साडू प्रत्येक शेरा वहीत तारखेसह लिहून घेत आणि पुढच्या वर्षीच्या तयारीला लागत.

चौथ्या वर्षी त्यांनी निराळंच केलं. जूनमध्ये बागवाले फळांची विरळणी करतात, सुपारीएवढ्या कच्च्या नाश्या खुडून जमिनीवर टाकतात. साडूंनी त्या गुडघ्यांवर बसून वेचल्या आणि ताईंच्या फ्रीजरमध्ये कोंबल्या, त्यापायी तीन महिने त्या घरात ओलं खोबरं ठेवायला जागा नव्हती. पुढे त्या रसात मिसळल्या. तोवर आजोबांनी सांगितलं होतं की या खेपेला जमली नाही तर हा शेवटचा हंगाम, आता आणखी थांबणं माझ्याने होत नाही. साडूंनी ते मला आदल्या आठवड्यात फोनवर सांगितलं होतं. मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण साडूंच्या बोलण्यात ती झाडं नेहमीच मरणाच्या दारात असायची आणि पुढच्या सप्टेंबरात पुन्हा लगडलेली असायची.

संक्रांतीला ग्लास हातात आला. मी घोट घेतला. आधी आंबट, मग मागून कच्च्या पेरूसारखा तुरटपणा, आणि सगळं गेल्यावर जिभेवर राहिलेली हलकी गोडी. उत्तम होतं. खोलीतली वीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, बायकोने फोन तयार ठेवला होता. "भांडी विसळलेलं पाणी," मी म्हणालो, "फक्त या वर्षी भांडी चांदीची होती." खोली हसली. साडूही हसले, मग त्यांनी वहीत लिहिलं. त्यानंतर मी तिळाच्या लाडवाबरोबर आणखी दोन ग्लास संपवले. नावडतं पेय तीन ग्लास कोण पितं, हे एखाद्या पिणाऱ्याने तेव्हाच ओळखलं असतं. साडूंना त्या गोष्टीचा अनुभव नव्हता.

सोमवारी फोन करून खरं सांगावं असं मनात आलं होतं. मंगळवारीही आलं होतं. फेब्रुवारीत साडूंचा फोन आला की शनिवारी झाडं तोडणार आहेत, येता का. आम्ही पोचलो तेव्हा चार उभी होती. आजोबा करवतवाल्याला थांबवून माझ्याकडे आले, कमरेत वाकले आणि बराच वेळ काहीतरी बोलले. साडूंनी मला मराठीत सांगितलं, "ते म्हणतायत, सगळे ओइशी म्हणाले, तुम्ही एकट्यांनी खरं सांगितलंत. नाहीतर या वयात ते खोटी आशा धरून बसले असते." माझ्या तोंडात ते एक वाक्य तयार होतं. चार झाडं उभी होती. मला स्वतःची लाज वाटली आणि त्या लाजेपायीच मी बोललो नाही, उलट आजोबांपेक्षा जास्त वाकून नमस्कार केला. करवत पुन्हा सुरू झाली.

परतताना साडू ट्रेनमध्ये रिकाम्या हाताने बसले होते. त्यांच्या मांडीवर काही नाही हे मला बघवेना. "तुम्ही होतात म्हणून बरं झालं, साडूभाऊ," ते म्हणाले. "माझ्या नाकाने तर मला फसवलंच होतं. मला वाटलं होतं, जमली." फुनाबोरी यायला अजून चार स्टेशनं होती.

आता ते दूरच्या उत्तरेकडून जुन्या जातीची सफरचंदं मागवतात आणि त्यांचं सायडर करतात. दर संक्रांतीला पहिला ग्लास अजून माझ्याच हातात देतात. मी एक घोट घेतो आणि उत्तम म्हणतो. ते असतंही उत्तम. साडू माझ्याकडे जरा वेळ बघतात, मग मान हलवून म्हणतात, "तुम्हीपण जपानी झालात हो," आणि काही न लिहिता वही मिटवतात.