ओल्या अंगणापलीकडचं फाटक

भाऊजी एकट्या मेव्हण्याचे भाऊजी राहिले नव्हते. मेव्हण्याचा फरशीकामाचा धंदा. तो त्यांना चारचौघांत भाऊजी म्हणायचा, म्हणून गवंडी म्हणू लागले, रेतीवाला म्हणू लागला, आणि जिच्या अंगणात काम चाले ती बाईसुद्धा 'भाऊजी, चहा टाकू का?' विचारू लागली. जणू सगळ्या जगानं आपली बहीण त्यांनाच दिली होती.

मान असा, आणि काम बावीस वर्षं एकच. फरश्या दुसऱ्यांनी बसवायच्या, आणि भाऊजींनी गुडघ्यांवर रांगत त्यांच्यामधल्या फटी भरायच्या. सिमेंट-रेतीचा सुका मसाला फटीत ओतायचा, पातीनं दाबायचा, वरून ब्रशनं लख्ख झाडायचं आणि मग पाण्याचा बारीक फवारा मारायचा. त्यानंतर चार तास तिथं पाऊल टाकायचं नाही. टाकलं, तर ओला मसाला बुटाला चिकटून फरशीवर उमटतो, आणि तो डाग छिन्नी लावल्याशिवाय निघत नाही. म्हणून भाऊजी लांबच्या टोकाला सुरुवात करत आणि मागं सरकत सरकत दाराशी येत. बावीस वर्षांत त्यांच्या हातून एक डाग पडला नव्हता.

'एकदा मला फरशी बसवू दे,' म्हटलं की मेव्हण्याचं उत्तर तयार असे. "भाऊजी, फरशी काय कुणीही बसवेल! तुमच्यासारखा सांधे भरणारा दाखवा एक तरी." की चढले भाऊजी हरभऱ्याच्या झाडावर. गुडघे मात्र खालीच झिजत राहिले. असल्या गोडबोल्या माणसापेक्षा तोंडावर शिव्या देणारा परवडला.

यंदा मात्र भाऊजींनी गुपचूप एक अर्ज केला होता. शहरातल्या मोठ्या बागेला फरशी बसवणारा मिस्त्री हवा होता. वयाची अट पन्नासच्या आतली, आणि भाऊजींना पुढच्याच महिन्यात पन्नास पुरी होत होती. आज दुपारी चारला चाचणी होती. चार फरश्या बसवून दाखवायच्या, बस्स. हे त्यांनी फक्त बायकोला सांगितलं होतं.

सकाळी काम निघालं ते एका शाळेतल्या बाईंच्या मागच्या अंगणात. दोन्ही बाजूंना उंच भिंती, एका टोकाला गल्लीत उघडणारं फाटक, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघराचं दार. नळ दाराशी होता, म्हणून भाऊजींनी फाटकापासून सुरुवात केली. फोन आत ओट्यावर चार्जिंगला लावला, शेजारी चाचणीसाठी धुतलेला शर्ट ठेवला. एक वाजता शेवटचा फवारा मारून ते पायरीवर चढले आणि दार ढकललं. दार आतून बंद होतं.

कडी वाजवली, हाका मारल्या. कुणी नाही. खिडकीच्या गजांतून आतलं घड्याळ दिसत होतं, शर्टही दिसत होता. भिंतीवर चढायचं म्हटलं, तर गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते. भाऊजी पायरीवर उभे राहिले. दुसरं करणार काय?

अडीचला मेव्हणा फाटकाशी आला.

"वा भाऊजी! आरसा केलात की अंगणाचा."

"दार बंद आहे. बाईंना फोन लाव."

"मीच म्हटलं होतं त्यांना, जाताना दार लावून घ्या, धूळ जाते आत. येतील पाचपर्यंत."

"मला चारला पोचायचंय रे."

"माहितीये. काल ताई बोलली."

"काय बोलली?"

"रडत होती. म्हणाली, या वयात तिथं नापास झाले तर चारचौघांत तोंड कसं दाखवतील? तिला घोर लागलाय हो. आणि मी कुठं अडवलंय तुम्हाला? यायचं तर या चालत. पडू देत डाग. सांगेन बाईंना, आमच्या भाऊजींचं काम पहिल्यांदाच बिघडलं."

फोन काही त्यानं खिशातून काढला नाही. हसला आणि गेला.

फाटक अकरा फरश्यांवर होतं. भाऊजींनी पाय उचलला. खाली ओले सांधे सरळ रेषेत चमकत होते, आणि एवढं चांगलं काम त्यांनी कधी केलं नव्हतं. पाय हवेतच राहिला, मग परत पायरीवर आला. पुन्हा उचलला, पुन्हा मागं घेतला. त्यांना मेव्हण्याचा राग आला, बायकोचा त्याहून जास्त आला, आणि सगळ्यात जास्त आला तो स्वतःच्या पायाचा. साडेतीन झाले. पावणेचारला धावत सुटलं तरी पोचता येणार नव्हतं, तरी ते उभेच होते. चार वाजले तेव्हा खाली बसले आणि तोंडावर हात घेऊन रडले.

सव्वापाचला दार उघडलं. "अगंबाई, तुम्ही इथंच?" बाई म्हणाल्या. भाऊजींनी सगळं सांगितलं. चाचणीचंही सांगितलं.

"अहो, मग जायचं की सरळ चालत! चार डाग पडले असते तर पडले असते. अंगणच आहे ते. मी काय तुम्हाला खाणार होते?"

भाऊजींनी आत जाऊन फोन घेतला, शर्ट घेतला. बाईंनी पुढचं दार उघडून दिलं, पण ते मागच्याच दारानं अंगणात उतरले. पहिल्या फरशीवर त्यांनी टाच दाणकन आपटली. दुसऱ्या फरशीवर त्याहून जोरात. सांध्यांवर बूट रगडत, दात-ओठ खात ते अकरा फरश्या चालून गेले आणि फाटकाशी वळून त्यांनी मागं पाहिलं.

मसाला केव्हाच वाळला होता. अंगणात एकही डाग पडला नव्हता.