घडीचा पांढरा रुमाल

कुजलेल्या डॉल्फिनपाशी बसताना आमचे डॉक्टर कधी नाकाला रुमाल लावत नसत. लोक मोबाइल उगारून गोळा झाले, की मात्र खिशातून घडीचा पांढरा रुमाल निघे. "वास सुटलाय," ते म्हणत. कुणाचा, ते गर्दीला कळत नसे.

ठाण्यातल्या आमच्या सरकारी कचेरीत ते जनावरांचे डॉक्टर आणि मी पंचनामे लिहिणारा कारकून. डॉल्फिन वाहून आला की आम्ही दोघं जायचो. मी सवयीने 'मृत मासा' लिहायचो आणि ते लाल शाईने खोडायचे.

"अरे, मासा नाही तो. तुझ्यासारखा हवेवर जगतो."

मी हसायचो. फॉर्मवर तसाच रकाना होता, आणि छापील रकान्यापुढे माझी अक्कल जात नसे.

एकदा घोडबंदरकडे खाडीच्या चिखलात एक जिवंत सापडला. डॉक्टर नौपाड्यातून निघून ट्रॅफिकमध्ये अडकलेले. मी आधी पोचलो. बघूनच शिसारी आली. एक गृहस्थ त्याच्या पाठीवर बूट ठेवून फोटो काढून घेत होते. एक बाई मला म्हणाल्या, "जरा शेपटी हलवायला लावा ना, रील बनवतेय."

मी शिव्या हासडून सगळ्यांना हाकललं. स्वतःचा फार अभिमान वाटला. मग कुणाची तरी बादली घेतली आणि त्याच्या डोक्यावर खाडीचं पाणी ओतू लागलो. तो तडफडला, की मी आणखी ओतायचो.

डॉक्टर बूट हातात घेऊन चिखलातून धावत आले. "डोक्यावर नको रे! नाक आहे तिथे त्याचं!"

मी थांबलो, तेव्हा तोही थांबला होता.

संध्याकाळी त्यांनी तो चिरून उघडला. फुफ्फुसांत पाणी होतं. त्यांचा हात खिशात गेला. आता रुमाल नाकाला लागणार म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी त्या रुमालाने माझे चिखलाचे हात पुसले आणि तो माझ्याच हातात ठेवला.

"घरी जा. जेवून घे," एवढंच म्हणाले.

गेल्या वर्षी डॉक्टर वारले. फॉर्मवरचा 'मासा' आता मीच लाल शाईने खोडतो. खाडीवर गेलो, की बघे जमतात, मोबाइल वर होतात, किळस येते. हात खिशातल्या त्या रुमालाकडे जातो. पण तो नाकाला लावायचा हक्क मला नाही.