ऊबदार जागेवरचा थिरथिरा

कल्पना करा, तुमच्या तळहातावर एक पक्षी आहे. रस्त्याकडेच्या काचेच्या भिंतीवर आपटून पडलेला. जिवंत आहे, पण डोळे अर्धे मिटलेले. आता काय कराल?

ह्वांग बोंग्ने आजी चोंगजू शहराच्या कडेला राहतात. मोटारींचा आवाज अडवायला तिथं पारदर्शक भिंत उभारली आहे. आजी रोज सकाळी तिच्या कडेकडेनं फिरायच्या. मेलेल्या पक्ष्याशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढायचा आणि वन्यजीव बचाव केंद्राला पाठवायचा. पुरावा साठला तर काचेवर ठिपके चिकटवतील, मग पाखरांना ती दिसेल, एवढीच आशा.

"ताई, मेलेल्यांचे फोटो काढत हिंडतेस. माझाही काढ की एखादा, जिवंतपणी!" शेजारीण छुनजा चिडवायची.

"तू हलतेस फार," आजी म्हणायच्या.

त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच जिवंत पाखरू सापडलं. केशरी पोटाचा थिरथिरा. फोनवर केंद्रातला उबिन म्हणाला, "खोक्यात ठेवा, अंधार करा. पाणी नको, दाणा नको. मी निघालोच."

आजींनी सगळं तसंच केलं. खोका कुठं ठेवायचा ते मात्र त्यानं सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. त्यात विचारायचं काय? आमच्या या थंड मुलखात घराच्या जमिनीखालून ऊब खेळते, आणि सगळ्यात गरम जागा पाहुण्याची, बाळंतिणीची, आजाऱ्याची. आजींचे यजमान शेवटी तिथंच निजून होते. खोका तिथं ठेवून त्यांनी वर दुलई घातली. आत खुडबुड झाली, तशा छुनजाला म्हणाल्या, "बघ, तरतरी आली त्याला."

उबिननं खोका उघडला. थिरथिरा चोच वासून, पंख पसरून पडला होता. उबिननं तळ चाचपला आणि हात झटकन मागे घेतला. आजींनी ते पाहिलं.

"काय झालं रे?"

"डोक्याला मार लागला की इतकी ऊब सोसत नाही, आजी." मग घाईघाईनं म्हणाला, "पण मारच जबर होता. तो नसताच वाचला."

"मग खुडबुडत कशाला होता?"

उबिननं खोक्याचं झाकण लावलं. जाताना केंद्राला कळवलं: काचेवर आपटून मृत्यू.

आजी अजून भिंतीपाशी जातात, फोटो पाठवतात. छुनजा आता चिडवत नाही. उबिन भेटला की मात्र त्या त्याची बाही धरतात.

"खरं सांग बाळा. काचेनं मारलं त्याला, की मी?"