बूड हललं की मन हललं

"बूड हललं की मन हललं," असं म्हणत काकू पदर कमरेला खोचायच्या, खुर्ची भिंतीकडे वळवायच्या आणि बसायच्या.

खारी गावातल्या आमच्या अभ्यासिकेत सगळे स्पर्धा परीक्षावाले, पंचविशीच्या आतबाहेरचे. काकू सत्तेचाळीसच्या, आणि दहावीच्या! काशीमीऱ्याच्या गोदामात सकाळपाळीला पॅकिंग करून तीनला यायच्या. सासूच्या आजारपणात त्यांना शुश्रूषेची गोडी लागली होती. नर्सिंगचा कोर्स करायचा होता, पण त्यासाठी दहावी पास हवी होती. गणित दोनदा आडवं आलेलं.

मी तलाठी परीक्षेत दोनदा हुकलेले. तासाभरात तीनदा चहाला उठायचे. एके दिवशी पुस्तकं पिशवीत भरून निघाले.

"कुठे निघालीस गो?"

"मन लागत नाही, काकू. सोडतेय हे सगळं."

"माझं काय लागतं? पॅकिंग करून हात नुसते ठणकतात. एवढं एक गणित समजाव, मग खुशाल जा."

वर्गसमीकरण होतं. एकाची दोन झाली, दोनाची पाच. घड्याळ पाहिलं तर सात वाजलेले! त्या दिवसापासून माझा मोबाइल त्यांच्या पिशवीत आणि त्यांचं बीजगणित माझ्याकडे. चुकलं की स्वतःलाच दटावायच्या, "अगो, चिन्ह बदललंस का?" मला हसू यायचं, पण उठावंसं वाटायचं नाही.

दहावीच्या निकालाच्या दिवशी तुम्ही तिथे असायला हवं होतं. काकू सुट्टी टाकून आलेल्या. सगळी अभ्यासिका माझ्या मोबाइलभोवती, आणि पान काही उघडेना. काकूंनी डोळे गच्च मिटलेले.

"गणित आधी सांग."

"बावन्न!"

जो काही आरडाओरडा झाला! खालून वॉचमन धावत आला, "अरे, क्या हुआ?"

"काकी पास हो गयी!"

त्यानेही टाळ्या पिटल्या. काकू हसता हसता रडू लागल्या आणि मला इतकं घट्ट धरलं की श्वास कोंडला.

कोर्स सुरू झाला, त्यांचं येणं थांबलं. परवा मीरा रोडला शेअर रिक्षात दिसल्या. अंगात पांढरा गणवेश, मांडीवर उघडं पुस्तक, ओठ पुटपुटत होते. तलाठीच्या यादीत माझं नाव लागलंय, हे मला त्यांना आत्ताच्या आत्ता सांगायचं होतं. मी जिवाच्या आकांताने हाक मारली, "काकूऽऽ!"

शेजारचे दोघे वळले. काकूंनी मान वर केली नाही. त्यांनी पान उलटलं, रिक्षा सुटली, आणि मी रस्त्याच्या कडेला वेड्यासारखी हसत उभी राहिले.