टाके धरले होते

"एक किडनी जन्मापासूनच सुकलेली आहे. काम करते ती दुसरी, आणि खडा तिच्यातच आहे," डॉक्टर एक्स-रे उजेडासमोर धरून म्हणाले. माझी बायको हौसा मला हळूच म्हणाली, "झालं ना बघून? चला घरी, गाईची धार काढायची हाय." लई हट्टी बाई!

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आम्ही कोल्हारचे. लघवी लाल व्हायची, तर ही उष्णता समजून धण्याचं पाणी प्यायची. तुमच्या घरात कुणाला असं झालं, तर धणे ठेवा बाजूला आणि दवाखाना गाठा.

नगरला ऑपरेशन ठरलं. पार्शल नेफ्रेक्टॉमी, म्हणजे किडनीचा खराब तुकडा खड्यासकट काढायचा, बाकीची वाचवायची. डॉक्टर म्हणाले, "किडनी चिरली की रक्ताची चिळकांडी उडते. म्हणून रक्तवाहिनी चिमट्यानं दाबायची, भोवती बर्फाचा गारवा ठेवायचा आणि झटपट टाके घालायचे." बर्फ मीच कारखान्यातून भुशात गुंडाळून सायकलवर आणला. रक्त मी दिलं, तिच्या भावानंही दिलं.

डॉक्टर बाहेर आले ते घामानं निथळत. "टाके धरलेत. पण तिनं अजिबात उठायचं नाही. टाका सुटला तर पुन्हा रक्त लागेल."

मी तिला बजावलं. "कूस बी बदलायची न्हाई?" "न्हाई." "मग माझ्या वाटची तुमीच बदला," म्हणून हसली. लघवी निवळ होऊ लागली. देवा, किती हलकं वाटलं होतं!

एका दुपारी मी चहा आणायला गेलो. परत येतो तर दादा, माझे वडील, एसटीनं आलेले. हातात तिच्यासाठी डाळिंबं. आमच्यात सासरा समोर आला की सून बसूनसुद्धा राहत नाही, निजणं तर लांबच. हौसा उठून बसली होती. "अगं, पड!" मी ओरडलो. तिनं पदर पुरता डोक्यावर घेतला, मगच पडली.

ऑपरेशनच्या वेळी कुशीत घातलेल्या नळीतून लालभडक रक्त यायला लागलं. पुन्हा थिएटर. रक्त काही केल्या थांबेना, शेवटी किडनी काढावी लागली. सांगताना डॉक्टरांचेच डोळे भरले. डायलिसिसचं, म्हणजे रक्त धुण्याचं यंत्र मुंबईला. तिथवर न्यायची तिची अवस्था नव्हती. आठवडाभरही राहिली नाही माझी हौसा.

डॉक्टरांनी जिवाचं रान केलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. दादांना काय बोलू? म्हातारा मायेनं आला होता. ही रीत ज्यानं घातली, त्याचं तोंड मात्र मला एकदा बघायचंय.

तुमचं माणूस असं निजलेलं असेल, तर वडीलधाऱ्यांना दाराबाहेरच थांबवा. रुसले तर रुसू द्या.

आता रानातून आले की दादा उंबऱ्याबाहेरूनच हाक देतात, "उठू नको गं पोरी, मी हाय." घरात आम्ही दोघंच बापलेक. तरी रोज देतात.