तिरुवैयारूतले ट्राउट

मत्स्यशास्त्र शिकून मी तिरुवैयारूजवळच्या एका रिसॉर्टवर तळं सांभाळायला लागले. मालक आमच्यासारखेच तंजावूरचे मराठी. एके दिवशी म्हणाले, "इथं ट्राउट सोडायचे. अप्पांसाठी."

अप्पा म्हणजे त्यांचे वडील. त्यांची सारी नोकरी निलगिरीच्या चहामळ्यांत झालेली. गोऱ्या साहेबांनी गळ टाकायच्या हौसेपायी समुद्रापलीकडून आणून तिथल्या थंड तळ्यांत सोडलेला हा मासा अप्पांचं वेडच होता. आता हृदयाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी घाट चढायला मनाई केली होती.

"सर, ट्राउटला गार पाणी लागतं. आपलं तळं तीस अंशांवर. एक दिवस जगणार नाहीत."

"बर्फ टाकू, पंप लावू. नाही म्हणू नकोस."

मी आणखी एकदा सांगून पाहिलं, मग निलगिरीहून मासे मागवले.

ठरल्या दिवशी सकाळी व्हॅन आली. प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत वीतभर लांबीचे, अंगावर गुलाबी पट्टा असलेले मासे. अप्पा चाकाच्या खुर्चीत, मांडीवर गळाची काठी घेऊन काठाशी बसले होते. मी पिशव्या सोडल्या. मासे थेट कालव्याचं पाणी पडत होतं तिथं गेले आणि धारेवर उड्या मारू लागले.

"बघ, बघ, वर चढतायत!" अप्पा हसले. ओढ्याला उलटं चढायची त्यांची जातच.

दहाच्या सुमाराला मासे वर आले, तोंडं उघडून. अप्पांचं हसू थांबलं.

"अगे, काहीतरी कर की!"

मी कमरेइतक्या पाण्यात उतरले. बर्फाच्या लाद्या ढकलल्या. बादलीत गार पाणी घेऊन एकेक मासा उचलत राहिले. हातातच ते कुशीवर व्हायचे. मालक काठावरून बर्फाच्या कारखान्याला फोन करत ओरडत होते. लाद्या माझ्यादेखत विरघळत होत्या. दुपारपर्यंत पाण्यावर नुसती पांढरी पोटं.

"तुला ठाऊक होतं?" अप्पांनी मला विचारलं.

मालक माझ्याकडे बघत होते.

"होतं, अप्पा."

"मग सोडलेस कशाला?"

मी बादली खाली ठेवली. अप्पांनी लेकाला खुर्ची वळवायला सांगितलं.

आता तळ्यात रोहू-कटला आहेत, पाहुणे खुशीत गळ टाकतात. मी अजून तिथंच आहे. अप्पा पुन्हा आले नाहीत. मी एकदा भेटायला त्यांच्या घरी गेले, तर त्यांनी माझी विचारपूस केली, कॉफी दिली. माशांचं मात्र काही बोलले नाहीत.