फलाटाची खरी नक्कल

“तुम्ही स्वतः मोजलंत?” असं विचारत माझे कोर्टातले सोबती खिशातून घडीची फूटपट्टी काढत आणि समोरच्याच्या छातीवर पिस्तुलासारखी रोखत. वाचकहो, तुम्ही सहज म्हणून पाहा, की आमच्या नौपाड्याच्या गल्लीत दोन बैलगाड्या शेजारी मावतात. झालं! गल्लीत उकिडवे बसून तुम्हीच मोजताय!

ठाण्याच्या कोर्टात आम्ही दोघं नकलनवीस. निकालपत्र अक्षराला अक्षर उतरवायचं, ताडून पाहायचं, मग ‘खरी नक्कल’ असा शेरा आणि खाली सही. ही शिस्त त्यांनी घरी नेली. स्वातंत्र्यानंतरची ती वर्षं. लोक घरात रेडिओ आणत होते. यांनी बाहेरच्या खोलीत लाकडाचं स्टेशन मांडलं. कल्याणच्या पुढचं, त्यांच्या लहानपणीचं. (नाव सांगत नाही, तिथली मंडळी भांडखोर आहेत.) एका फुटाला पाव इंच.

छप्पर, खिडक्या, घंटा, सारं मोजून झालं. राहिला फलाट. त्यावर टेप पसरताच तिथला साहेब धावून आला. “लेखी परवानगी आणा!”

यांनी अर्ज केले. एक नाही, सात. उत्तर आलं तोवर जुन्या स्टेशनाची खडी झाली होती. आणि उत्तर काय? ‘सदर फलाट अस्तित्वात नसल्याने मापाचा प्रश्न उद्भवत नाही.’

“उद्भवत नाही?” ते कोर्टाच्या व्हरांड्यात असे गरजले, की वकील पक्षकारांना विसरले. “माझ्या घरात उद्भवलाय! बायकोला पाट मांडायला जागा नाही!”

रेल्वेचं ते उत्तर आठवलं, की आजही माझं डोकं तापतं. अहो, कुदळ घालण्याआधी एकदा टेप धरली असती, तर कुणाचं काय बिघडलं असतं?

शेवटी तिथला म्हातारा हमाल सापडला. “या टोकापासून त्या टोकापर्यंत एकशेदहा पावलं,” त्यानं छातीठोक सांगितलं. यांनी त्याला व्हरांड्यात चालवलं, पाऊल मोजलं, गुणाकार केला, फळी कापली. मग कौतुकानं त्यालाच दाखवायला आणलं.

“सायेब, एवढा लांब नव्हता.”

“अहो, एकशेदहा तुम्हीच म्हणालात!”

“डोक्यावर ट्रंक घेऊन. मोकळ्या हातानं फलाटावर हमाल कशाला फिरंल?”

ओझ्याखालचं पाऊल आखूड पडतं, हे दोन शहाण्या नकलनविसांना सुचलं नव्हतं. हे स्वतःवरच भडकले. माळ्यावरची ट्रंक काढली. हमालानं ती उचलली, चार पावलं टाकली आणि खाली ठेवली.

“पाय म्हातारं झालं, सायेब. ते पाऊल आता कुठलं?”

यांनी त्याला पाणी दिलं.

पुढे हे वारले, तेव्हा वहिनींनी स्टेशन हलवायला मला बोलावलं. आम्ही दोघांनी स्टेशन उचलून आडवं केलं. फलाटाची फळी निसटून हातात आली. यांनी ती चिकटवलीच नव्हती. स्टेशनाच्या तळाशी यांच्या सुरेख अक्षरात ‘खरी नक्कल’. सहीची जागा कोरी.

“त्यांच्या वतीनं तुम्हीच करा ना,” वहिनींनी टाक पुढे केला.

मी घेतला. शाईत बुडवलाही.

“नको, वहिनी,” म्हटलं, “मी स्वतः मोजलेलं नाही.”